पुस्तकात असं नव्हतं!

तुमच्या ग्रुपमध्ये अशी एक व्यक्ती असतेच. लॅपटॉपवर सिनेमा सुरू असतो, भडंगाचा पुडा एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर फिरत असतो, पडद्यावर ड्रॅगन आग ओकत असतो आणि ही व्यक्ती मध्येच पॉझ दाबून म्हणते, ‘थांबा थांबा, पुस्तकात असं नव्हतं!’ मग कुणीतरी तिला उशी फेकून मारतं.

आमच्या हॉस्टेलमध्ये तो उशीचा मार मी खाते.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणींनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग एका वीकेंडला संपवले. डोळे लाल, अभ्यास शून्य. सोमवारी मेसमध्ये पोहे खाताना वाद पेटला. कॉम्प्युटर सायन्सवाली म्हणाली, ‘फँटसीला व्हीएफएक्स भारी पाहिजेत, बास. बाकी कोण बघतं?’ इंग्लिश लिटरेचरवाली भडकली. तिच्या मते पुस्तकावरून सिनेमा काढायचा तर एकही प्रसंग बदलायचा नाही. बदलायचा असेल तर स्वतःची गोष्ट लिहा. तिसरी शांतपणे चहा पीत म्हणाली, ‘मी पुस्तक वाचतच नाही. त्यामुळे मला त्रासच नाही.’

तुम्ही यातल्या कुठल्या पार्टीत आहात? मी इतकी वर्षं लिटरेचरवालीच्या पार्टीत होते. हा लेख लिहायला बसले तेव्हा मात्र माझंच मत मला तपासावं लागलं, आणि ते बऱ्यापैकी बदललं. (इथून पुढे स्पॉयलर्स आहेत. नंतर उशी फेकू नका.)

ऑस्कर मिळालं, पुढचा भाग नाही

आधी व्हीएफएक्सचं बघू. २००७ मध्ये ‘द गोल्डन कंपास’ आला. फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या तीन कादंबऱ्यांपैकी पहिलीवरचा सिनेमा. त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत चालतो, शिवाय चिलखत घातलेली पांढरी अस्वलं लढतात. हे सगळं पडद्यावर इतकं छान उतरलं, की सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. पण पुढचे दोन भाग कधी आलेच नाहीत.

पुस्तक टोकदार आहे. धर्माच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्यांना ते थेट प्रश्न विचारतं आणि त्याचा शेवट वाचून तुम्ही सुन्न होता. सिनेमाने ती टोकं बोथट केली आणि तो सुन्न करणारा शेवट येण्याआधीच पडदा पाडला. अस्वल राहिलं, पण ज्यासाठी अस्वल लढत होतं ते गेलं. पुढे २०१९ मध्ये या पुस्तकांवर मालिका आली आणि ती तीन सीझन चालून नीट संपली, म्हणजे गोष्टीत दम होताच.

तेव्हा कॉम्प्युटर सायन्सवाल्या मैत्रिणीला माझं एवढंच म्हणणं आहे की व्हीएफएक्स हवेतच, पण ते लग्नातल्या मांडवासारखे. मांडव कितीही झगमगीत असला तरी लग्न कुणाचं आहे ते कळायला पाहिजे ना!

जसंच्या तसं म्हणजे काय?

आता लिटरेचरवालीचं म्हणणं. हॅरी पॉटरची पुस्तकं सात, सिनेमे आठ. पहिले दोन ख्रिस कोलंबस यांनी पुस्तकाला अगदी धरून केले. तिसऱ्याला, २००४ मध्ये, अल्फोन्सो क्वारोन हा दिग्दर्शक आला आणि त्याने बरंच काही उचकटलं. पुस्तक आधीच्या दोन्हींपेक्षा जाड, सिनेमा मात्र दोन्हींपेक्षा छोटा. मुलं गणवेश सोडून साध्या कपड्यांत फिरू लागली. तो जादूचा नकाशा नेमका कुणी बनवला, हे सिनेमात सांगितलंच नाही. पुस्तकवेड्यांनी यावरून आजवर किती वाद घातलेत ते विचारू नका.

आणि तरीही तेरा वर्षांचं असणं म्हणजे काय, हे त्या आठ सिनेमांत सगळ्यात जास्त मला याच सिनेमात दिसलं. चिडचिड, उगाच येणारा राग, मोठ्यांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय हा संशय. डिमेंटर आले की काच गोठते, तेव्हा थंडी आपल्याही अंगात शिरते. प्रसंग गाळले, पण भीती गाळली नाही.

उलटं उदाहरण शेवटच्या भागाचं. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट सगळ्यांसमोर, शाळेच्या मोठ्या दालनात मरतो आणि कुणाही साध्या माणसासारखा धप्पकन खाली पडतो. मागे उरतं ते एक प्रेत. ज्याच्या नावालाही लोक घाबरायचे, तो शेवटी टॉम रिडल नावाचा एक माणूसच होता, हे शेकडो लोक डोळ्यांनी बघतात. सिनेमात मात्र तो अंगणात, हॅरीशिवाय कुणी साक्षीला नसताना, कागदाच्या जळक्या कपच्यांसारखा हवेत उडून जातो. दिसायला जबरदस्त. पण सात पुस्तकं मिळून जे सांगत होती, की मरण टाळण्यासाठी वाट्टेल ते करणाऱ्यालाही शेवटी साधं मरणच येतं, ते त्या कपच्यांबरोबर उडून गेलं. मारणारा तोच, मरणारा तोच, तरी अर्थ बदलला.

म्हणून ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य अर्धवट आहे, असं आता मला वाटतं. पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. असं नव्हतं, मग त्याने काय बिघडलं? कधी कधी उत्तर येतं, काहीच नाही. कधी उत्तर येतं, सगळंच.

घरी परतलेले चौघं

माझ्यासाठी हा प्रश्न ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ने सोडवला. पीटर जॅक्सनचे हे तीन सिनेमे २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. तिसऱ्याला ११ नामांकनं होती आणि ११ च्या ११ ऑस्कर मिळाली. पण पुस्तकातलं गाळलेलं मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत. टॉम बॉम्बाडिल नावाचं गाणारं, नाचणारं अख्खं पात्र गायब. पुस्तकात अंगठी फ्रोडोकडे आल्यानंतर त्याला प्रवासाला निघायला तब्बल १७ वर्षं लागतात. सिनेमात तो जणू लगेचच निघतो.

सगळ्यात मोठा बदल शेवटाकडे आहे. पुस्तकात चार हॉबिट जग वाचवून आपल्या गावी परततात, तर गाव ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य, ओळखीची माणसं घाबरलेली. त्यांना स्वतःच्या गावात पुन्हा एकदा लढावं लागतं. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. जवळचे मित्र त्यांनी त्या युद्धात गमावले. घरी परतणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

जॅक्सनने हे सगळं प्रकरण काढून टाकलं. सिनेमात गाव जसंच्या तसं आहे, हिरवंगार. चौघं नेहमीच्या दारूच्या गुत्त्यात बसतात. आजूबाजूचे लोक कुणाच्या तरी भल्यामोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत. या चौघांकडे कुणी वळूनही बघत नाही. ते एकमेकांकडे बघतात, काहीच बोलत नाहीत आणि पेले उचलतात.

पहिल्यांदा मी इथे पॉझ दाबून ओरडले होते. या वेळी नाही ओरडले. कारण मला माझी पहिली दिवाळीची सुट्टी आठवली.

मी तालुक्याच्या गावातून पुण्याला आले. पहिल्या सेमिस्टरमध्ये काय काय झालं होतं! रडून झालं होतं, एकटीने दवाखान्यात जाऊन झालं होतं, भर वर्गात इंग्रजीत प्रेझेंटेशन देताना ततपप झालं होतं. घरी गेले तर आई म्हणाली, ‘वाळलीस गं’, आणि चकलीची सोऱ्या हातात दिली. बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. शेजारच्या काकू नव्या फ्रीजचं सांगत होत्या. सगळं होतं तसंच होतं. मी तेवढी होते तशी नव्हते, आणि हे कुणाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. तुम्ही शिकायला घराबाहेर पडला असाल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

पुस्तकात गाव बदललंय, सिनेमात गाव बदललेलं नाही. घटना अगदी उलट, तरी दोन्हींकडून एकच गोष्ट कळते. जो जाऊन येतो तो पूर्ण परत येत नाही. म्हणूनच फ्रोडो दोन्हीकडे शेवटी जहाजात बसून निघून जातो. जॅक्सनने पुस्तकाचं प्रकरण फेकलं, पण त्या प्रकरणातली कळ राखली. एवढं जमलं तर माझ्या मते सिनेमाला सगळं माफ.

त्याच माणसाची दुसरी बाजू

आता तुम्ही म्हणाल, ही जॅक्सनची फॅन दिसतेय. थांबा. त्याच दिग्दर्शकाने ‘द हॉबिट’वर २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमे काढले. १९३७ मधलं लहान मुलांसाठीचं एक आटोपशीर पुस्तक, आणि त्याचे जवळपास आठ तास! पुस्तकात नसलेला लेगोलस आला, टॉरिएल नावाची नवी योद्धा आली, तिच्याभोवती प्रेमाचा त्रिकोण आला.

पण माझी तक्रार नव्या पात्रांबद्दल नाही. पुस्तकात शेवटी मोठं युद्ध होतं तेव्हा आपला बिल्बो डोक्यात दगड लागून बेशुद्ध पडतो. जाग येते तोवर युद्ध संपलेलं असतं. किती धमाल आणि किती शहाणी कल्पना! हा लढवय्या नाहीच. याला घर, चहा आणि दुपारचं खाणं प्रिय आहे, आणि याचं मोठेपण युद्ध टाळायचा प्रयत्न करण्यात आहे. सिनेमात तेच युद्ध मुख्य आकर्षण झालं. तिसऱ्या भागाच्या तर नावातच लढाई आहे. ज्या पुस्तकाने लढाईला काही पानांत उरकलं, त्यावरच्या सिनेमाने तिचाच जलसा केला. इथे मात्र मी पॉझ दाबणार. उशी खाणार, पण दाबणार.

असंच काहीसं ‘पर्सी जॅक्सन’चं झालं. लेखक रिक रिओर्डन यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी होता. त्याला झोपताना सांगायला त्यांनी ही गोष्ट रचली. तिचा हिरो त्यामुळे १२ वर्षांचा, वर्गात अक्षरं नाचताना बघणारा, शाळेला वैतागलेला मुलगा आहे. २०१० च्या सिनेमात तो कॉलेजकुमार वाटावा एवढा मोठा केला. हे करू नका, असं रिओर्डन यांनी निर्मात्यांना आधीच लिहून कळवलं होतं; नंतर त्यांनी ती पत्रं जाहीरही केली. दोन भागांनंतर सिनेमे थांबले. २०२३ च्या शेवटी आलेल्या मालिकेत मात्र पर्सी पुन्हा बारा वर्षांचा झाला. वय हा आकडा असतो म्हणतात. इथे ती अख्खी गोष्ट होती.

माझा ‘परीस’

आता एक कबुली. ही मी या लेखाच्या निमित्ताने पहिल्यांदाच देतेय.

हॅरी पॉटर मी मराठीत वाचलाय. आमच्या गावच्या वाचनालयात ‘हॅरी पॉटर आणि परीस’ची एक प्रत होती, पानं सुटी झालेली. सहावीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती दोनदा वाचली. सिनेमा नंतर टीव्हीवर पाहिला, तोही हिंदीत, तिथे त्याचं नाव ‘पारस पत्थर’ होतं. कॉलेजात आले तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या जणी इंग्रजी पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणत होत्या. मला कुणीतरी विचारलं, ‘तू वाचलंयस ना?’ मी म्हटलं, ‘ऑफ कोर्स!’ आणि पुढची तीन वर्षं इंग्रजीत वाचल्याचं नाटक केलं. ‘पुस्तकात असं नव्हतं’ असं ओरडणारी मी, आणि माझं ‘पुस्तक’च वेगळं होतं.

परवा मेसमधल्या वादात लिटरेचरवाली म्हणाली, ‘भाषांतरात सगळं मरतं.’ मग माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, ‘फिलॉसॉफर्स स्टोनला मराठीत काय म्हणशील?’ तिने विचार केला. ‘तत्त्वज्ञाचा दगड?’ सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ‘परीस.’

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, ‘अगं, हे तर परफेक्ट आहे.’

आहेच. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे गोष्टींत, अभंगांत, आजीच्या बोलण्यात आधीपासून पडून होता. भाषांतर करणाऱ्याने तो उचलला, बस्स. उलट अमेरिकेत हेच पुस्तक छापताना ‘फिलॉसॉफर’ शब्दाला मुलं बिचकतील म्हणून नाव ‘सॉर्सरर्स स्टोन’ केलं गेलं. सिनेमातही त्या दगडाचा उल्लेख असलेले प्रसंग दोन्ही नावांनी दोनदा शूट झाले. म्हणजे ‘मूळ’ म्हणून ज्याच्याशी आपण तुलना करतो, तेही देश बदलला की बदलतं. चांगलं भाषांतर आणि चांगला सिनेमा एकच काम करतात. गोष्ट नव्या घरात नेतात आणि तिथल्या भांड्यात वाढतात. चव गेली की बोंब मारा. भांडं बदललं म्हणून नको.

आपल्याकडचं काय?

एवढं सगळं परदेशी झालं, म्हणून तुम्ही नाक मुरडायच्या आत ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागे नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा आहे. नाव ऐकून श्री. ना. पेंडसेंची ‘तुंबाडचे खोत’ आठवते, पण त्या कादंबरीची ही गोष्ट नाही. न थांबणारा पाऊस, पडका वाडा, गर्भात बसलेला हस्तर आणि सोन्याच्या नाण्यांची हाव. आपल्या मातीतली फँटसी कशी दिसू शकते, हे त्याने दाखवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आला तेव्हा थिएटरात फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. दुसऱ्या वेळी तिकीट काढणारे बरेचसे तुमच्या-माझ्या वयाचे होते. आमच्या रांगेत तर सगळेच.

भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ फँटसी नाही, पण साहस तर आहेच. पुस्तकातला शाळकरी बन्या २०१७ च्या सिनेमात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आलेला तरुण झाला. आधी मला वाटलं, झाला पर्सी जॅक्सन! पण पर्सीचं लहान असणं हीच त्याची गोष्ट होती. फेणेची गोष्ट त्याच्या नाक खुपसण्यात आहे. अन्याय दिसला की ‘ट्टॉक’ करून सायकल दामटायची. ते सिनेमात होतं, म्हणून वय वाढलेलं चाललं.

आता तुम्हीच सांगा, वाचनालयाच्या कपाटात अशा आणखी किती गोष्टी पडून असतील? धारपांचीच पुस्तकं काढून बघा. पैसा लागतो हे खरं, हॉलिवूडचं बजेट आपल्याकडे नाही हेही खरं. पण ‘तुंबाड’मध्ये सगळ्यात जास्त घाबरवतो तो पाऊस, आणि तो कोकणाला फुकट मिळतो.

पॉझ दाबण्याआधी

तर, वाद घालणं थांबवू नका. वाद घालण्यातच निम्मी मजा आहे. फक्त पुढच्या वेळी पॉझ दाबण्याआधी स्वतःला विचारा, की या पुस्तकासाठी आपण रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन जागलो होतो ते कशामुळे? भीतीमुळे, मैत्रीमुळे, की त्या मुलाला कुणी समजून घेत नव्हतं म्हणून? ते सिनेमात असेल तर बाकीचं सोडून द्या. नसेल, तर बिनधास्त दाबा पॉझ.

आणि चहा पिणाऱ्या त्या तिसऱ्या मैत्रिणीचं काय झालं? तिने परवा माझ्याकडे ‘परीस’ मागितला. म्हणाली, ‘एवढं भांडताय तर बघू तरी.’ दिवाळीत घरी गेले की वाचनालयातून आणणार आहे. प्रत अजून तिथे असेल, अशी आशा आहे. पानं सुटी असली तरी चालतील.

आधी काय, पुस्तक की सिनेमा?

द हॉबिट : आधी पुस्तक. दोन दिवसांत होतं. नंतर सिनेमा बघून हवं तेवढं चिडा.

लॉर्ड ऑफ द रिंग्ज : आधी सिनेमा चालेल. चेहरे आणि नकाशा डोक्यात बसले की जाडजूड पुस्तकाची भीती जाते.

हाऊल्स मूव्हिंग कॅसल : डायना विन जोन्स यांची १९८६ ची कादंबरी आणि हायाओ मियाझाकी यांचा २००४ चा ॲनिमेशनपट. मियाझाकींनी गोष्ट भरपूर बदलली, त्यात युद्ध आणलं, तरी तो लेखिकेला आवडला. कुठूनही सुरुवात करा.

द प्रिन्सेस ब्राइड : कादंबरी आणि १९८७ च्या सिनेमाची पटकथा, दोन्ही विल्यम गोल्डमन यांचीच. स्वतःचंच लिखाण लेखक कसं कापतो, हे शिकायचं असेल तर दोन्ही लागोपाठ.

तुंबाड : आधी सिनेमा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम. मग धारप. दिवसाउजेडी.